किरणोपचार झाला, गळतीचे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या कागदपत्रांवरील गॅमा किरणोपचाराविषयीचा आपल्या कालच्या अंकातील लेख वाचला. मराठवाड्यातील दप्तरे आता कायमची सुरक्षित झाली, असा मथळा कोणाच्या लेखणीतून उतरला, हे कळल्यास उपकार होतील.

कोबाल्ट-६० या किरणोत्सारी पदार्थाच्या गॅमा किरणांनी कसर आणि बुरशी मरते, कागद त्यामुळे किरणोत्सारी होत नाही, आणि इजिप्तचा प्राचीन राजा दुसरा रामसेस याच्या ममीवरील बुरशीचा बंदोबस्त १९७७ साली फ्रान्समध्ये याच रीतीने झाला, हे सारे मान्य. परंतु लासलगावच्या कांद्याला मोड येऊ नये म्हणून ०.१ किलोग्रेच्या (किलोग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) आसपासची मात्रा पुरते, तर कागदावरील बुरशीसाठी बहुधा ५ ते १० किलोग्रे द्यावी लागते, आणि त्या मात्रेत, ज्यापासून कागदाचे तंतू बनतात त्या सेल्युलोजच्या साखळ्या तुटू लागतात, ही बाब लेखकमहाशयांनी अर्ध्या वाक्यात उरकली आहे. असा कागद दिसायला तसाच राहतो, पण घडीवर लवकर तुटतो; उपचार पुन्हा केल्यास आधीच्या हानीत भर पडते.

आणि तो पुन्हा करण्याची वेळ येतेच, कारण किरण आजची बुरशी मारतात, उद्याची अडवीत नाहीत. आमच्या घराण्यातील मोडी कागदांचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला गठ्ठा, वडिलांनी मोठ्या विश्वासाने एका संग्रहालयाच्या स्वाधीन केला होता. तो किरणोपचार होऊन परत आला तेव्हा आम्हाला सन्मानाने बोलावून छायाचित्रे काढण्यात आली, आणि लगेच तो त्याच ओल धरलेल्या भिंतीला टेकलेल्या कपाटात गेला. पुढच्या पावसाळ्यात पाहतो तर कडांवर हिरवट बुरशी. विचारणा केली असता ‘पुन्हा पाठवू’ असे उत्तर मिळाले, जणू तो कागद नसून धोब्याकडे टाकायचा सदरा आहे! छपराच्या गळतीविषयी बोलताच ते काम दुसऱ्या खात्याचे असल्याचे अत्यंत नम्रपणे सांगण्यात आले.

कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ साली निजामकाळातील दप्तरे उलगडली गेली, तेव्हा या कागदांचे मोल सर्वांनाच कळले. नुसती कसर असेल, तर हवाबंद पिशवीत गोठवूनही ती मरते. किरणोपचार अटळच असेल, तर आधी पाने स्कॅन करावीत, कोणत्या कागदाला किती मात्रा दिली याची नोंद ठेवावी, आणि रुमाल परत येण्यापूर्वी खोली कोरडी करावी.

जाता जाता, लेखासोबतच्या छायाचित्राखाली ‘मोडी दस्तऐवज’ असे छापले आहे; तो कागद फारसी लिपीतील आहे. दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक सेवानिवृत्त शिक्षक, अंबाजोगाई