शास्ती माफ करताना तीन फूट मागायचे होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणुकीचे वारे सुटले की आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये चौकाचौकात एका विषयाचे फलक हमखास लागतात : शास्तीकर, म्हणजे अनधिकृत बांधकामावरचा दंड, आम्हीच माफ करून आणला. श्रेय कुणाचे, यावर सगळ्या पक्षांची भांडणे झाली आहेत, पुढेही होतील. मला त्यात पडायचे नाही. पण ही माफी ज्या पद्धतीने दिली गेली ती चुकली, असे माझे मत आहे आणि ते माफी मिळालेल्या माणसानेच सांगितलेले बरे. मी स्वतः अनधिकृत घराचा मालक आहे.

१९९४ साली मी दीड गुंठा घेतला. तेव्हा आमचा भाग ग्रामपंचायतीत होता. तुकडेबंदी कायद्यामुळे जमिनीचा एवढासा तुकडा एकट्याच्या नावावर होत नसे. म्हणून अकरा गुंठ्यांचे एकच खरेदीखत आणि त्यावर आम्हा सात कामगारांची नावे. सात जणांचे दीड-दीड गुंठे मिळून साडेदहा. उरलेला अर्धा गुंठा म्हणजे आमचा रस्ता. तो पुरणार नाही हे दिसतच होते, तेव्हा प्रत्येकाने दारापुढे दोन-दोन फूट सोडायचे असे तोंडी ठरले. काहींनी सोडले. काहींनी नंतर तिथेच जिना उभा केला. आज आमची गल्ली तोंडाशी नऊ फूट आहे आणि शेवटाला सात.

आम्ही असे का केले, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगतो की कामगारांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून १९७२ मध्ये इथे नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, शेतकऱ्यांच्या जमिनी त्यासाठी घेतल्या गेल्या, आणि कारखाने ज्या वेगाने वाढले त्या वेगाने घरे काही झाली नाहीत. जी झाली ती माझ्या पगारात बसत नव्हती. शेतकऱ्याकडचा गुंठा बसत होता, तोही हप्त्याने. ते प्राधिकरण २०२१ मध्ये पीएमआरडीएत, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात, विलीन झाले. ज्यांच्या जमिनी गेल्या ते साडेबारा टक्के जमीन परत मिळावी म्हणून किती वर्षे भांडत राहिले, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे.

घर झाले, ग्रामपंचायतीत नमुना ८ ला नोंद झाली, घरपट्टी सुरू झाली. पावती हातात पडली तेव्हा सगळ्यांना वाटले की काम पक्के झाले. १९९७ मध्ये आमच्यासारखी बरीच गावे महापालिकेत आली. पण या गावांचा विकास आराखडा मंजूर व्हायला त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ गेला. (आमच्याकडे ‘डीपी’ म्हटले की लोकांना आधी कोपऱ्यावरची विजेची पेटी आठवते, आराखडा नंतर.) कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे राहायची घरे हे कागदावर पक्के नव्हते तेव्हा लोक राहायला येतच होते. आराखडा आला तोवर त्यातल्या रस्त्यांवर आणि मैदानांवर माणसे संसार मांडून बसलेली होती.

मग शास्ती आली. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६७अ प्रमाणे अनधिकृत बांधकामाला मूळ कराच्या दुप्पट दंड. आमच्याकडे तो २००८ पासूनचा धरला गेला. माझे साडेतीन हजारांचे बिल साडेदहा हजारांवर गेले. आणि त्याच कलमात लिहिले आहे की हा दंड वसूल केला म्हणून बांधकाम नियमित झाले असे समजू नये. म्हणजे दंड दरवर्षी भरायचा आणि दोष जिथल्या तिथे.

पहिली काही वर्षे मी तो भरला. कारखान्यात बत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला नोटिशीची भीती वाटते, एवढेच त्याचे कारण. त्यात मोठेपणा काही नाही. शेजारचा मुलगा म्हणायचा, “काका, कशाला भरताय, होणारे माफ.” त्याचेच खरे ठरले. २०१७ मध्ये सहाशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांची शास्ती गेली आणि हजारपर्यंतच्यांची निम्मी झाली. २०१९ मध्ये हजारपर्यंतची सगळीच गेली. मार्च २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडसाठी उरलेलीही माफ झाली. अट एकच : मूळ कराची थकबाकी भरा. ज्याने भरली आणि ज्याने नाही भरली, दोघे एका रांगेत. त्याचेही मला फारसे दुःख नाही. शास्ती अन्यायाची होती, ती जायलाच हवी होती.

माझे दुखणे त्या अटीपाशी आहे. त्या दिवशी सरकारच्या हातात एक गोष्ट होती, जी त्याआधी कधी नव्हती आणि आता पुन्हा येणार नाही. या शहरातली हजारो घरे एका निर्णयाकडे डोळे लावून बसली होती, काहींच्या डोक्यावर मूळ कराच्या कितीतरी पट बोजा होता. त्यांना सांगता आले असते : तुमच्या गल्लीतली सगळी घरे मिळून दोन्ही बाजूंनी तीन-तीन फूट मोकळे करा, जिने आणि ओटे मागे घ्या, मग अख्ख्या गल्लीची शास्ती एकदम माफ आणि घरे नियमित करायला घेऊ. आम्ही ऐकले असते. आमच्या गल्लीतल्या ज्या माणसाने जिना बाहेर काढला आहे त्याच्यावर एक लाखाहून जास्त शास्ती होती. त्याने तो जिना स्वतःच्या हाताने पाडला असता आणि न पाडता तर बाकीच्या सहा घरांनी त्याला झोपू दिले नसते.

सहा फुटांनी काय होते, हे वातानुकूलित खोलीत नकाशा पाहणाऱ्याला कळणार नाही. आमच्याकडे फ्रिज आला तेव्हा तो टेम्पोतून मुख्य रस्त्यावर उतरवून चौघांनी आत आणला आणि दोरखंड बांधून गच्चीवरून वर ओढला. यात हसण्यासारखे तरी काही आहे. तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या आजींना रात्री अडीच वाजता छातीत दुखू लागले, तेव्हा रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि आम्ही त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नेले. खुर्चीचा एक पाय वाटेत वाकला. आजी वाचल्या. आगीचा बंब मात्र आत कसा येणार, याचा विचार आम्ही करतच नाही. घरगुती सिलिंडर, खाली लावलेल्या दुचाक्या, वर लोंबणाऱ्या वायरी, सगळे तसेच आहे. गच्च्या इतक्या जवळ आल्यात की समोरच्या वहिनी हात लांब करून आमच्याकडून विरजण घेतात.

नियमित करून घ्यायचे मार्ग आहेत, असे कुणी म्हणेल. आहेत. गुंठे पाडून झालेली घरे नियमित करायचा गुंठेवारी कायदा २००१ चा; त्यात १ जानेवारी २००१ पर्यंतची बांधकामे होती, २०२१ च्या दुरुस्तीने ती तारीख ३१ डिसेंबर २०२० वर आली. २०१७ मध्ये नगररचना कायद्यात कलम ५२अ आले, त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०१५. तुकडे नियमित करायला आधी बाजारमूल्याच्या पंचवीस टक्के शुल्क होते, मग ते पाच टक्क्यांवर आले. तारीख पुढे सरकते, शुल्क खाली उतरते. हे आमच्यासारखे रहिवासी जेवढ्या बारकाईने वाचतात त्याहून जास्त बारकाईने गुंठे पाडून विकणारे वाचतात. गुंठेवारीला आमच्या शहरात प्रतिसाद फार थंड मिळाला, कारण अर्ज घराघराने करायचा. माझे घर कागदोपत्री बसते, पण सातबारावर माझ्याबरोबर सहा नावे आहेत, त्यातले दोघे वारले, एकाची मुले वारसनोंदीवरून भांडतायत. आणि रस्ता तर कुणाच्याच अर्जात नसतो.

आणखी एक सूचना, आणि तिला खर्च जवळजवळ शून्य आहे. करआकारणीचा विभाग आणि बांधकाम परवानगीचा विभाग एकाच इमारतीत बसतात. मालमत्ता कराच्या बिलावर मोठ्या अक्षरात छापा : हे बांधकाम परवानगीचे आहे की नाही, जागेवर आराखड्यातले रस्त्या-शाळेचे आरक्षण आहे का, देहूरोड दारूगोळा भांडाराभोवतीच्या बांधकामबंदीच्या पट्ट्यात, म्हणजे रेड झोनमध्ये आहे का, नदीच्या निळ्या पूररेषेत आहे का. २०२५ च्या मे महिन्यात चिखलीत इंद्रायणीच्या पूररेषेतले छत्तीस बंगले हरित लवादाच्या आदेशानुसार पाडले गेले. आम्ही कर भरत होतो, असे तिथले रहिवासी सांगत होते. त्यांचे चुकले असेलही. पण कर भरला म्हणजे घर पक्के, हा समज या शहरात खोलवर गेला आहे आणि त्याला धक्का लागेल असे बिलावर ठळक काही नसते. त्याच महिन्यात नवा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला, त्यावर हजारो हरकती गेल्या. त्यात अनेकांना आपल्या घरावर आरक्षण आहे हे पहिल्यांदाच कळले असणार. बिलावर असते तर दरवर्षी कळले असते, आणि जुने घर विकत घेणाऱ्यालाही व्यवहाराआधी कळले असते.

परवा आमच्या समोरच्याने तिसऱ्या मजल्याचा स्लॅब टाकला. पेढे द्यायला आला होता. मी विचारले, याची नोंद करायला आता स्वतःहून जाणार का. म्हणाला, “जाणार ना काका. कर लावून घ्यायलाच पाहिजे. पावती नसली तर घेणारा विचारतो.”

आपला,
एक निवृत्त कामगार, पिंपरी-चिंचवड