चिंच-राखेच्या आधी क्ष-किरण हवेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बोडीचे, म्हणजे शेततळ्याचे, खोलीकरण करताना किंवा जुन्या रिठीवरची, म्हणजे उजाड गावठाणातली, पांढरी माती उचलताना एखादी पिवळसर वस्तू निघाली, की आमच्या पवनी तालुक्यात ‘सोन्याची आहे काय’ हा पहिला प्रश्न असतो, आणि उत्तर शोधायला हाताशी असते ती चिंच आणि चुलीतली राख. काही वर्षांपूर्वी आमच्या गावात तळहाताएवढी, काठाला नक्षी असलेली एक चकती अशीच निघाली. मी पाहिली तेव्हा ती घासून तांबडीलाल झाली होती; फक्त नक्षीच्या एका खाचेत, हिरव्या कळंकाखाली, तांदळाच्या कणीएवढे सोनेरी काही चिकटून राहिले होते. घरच्यांनी ‘तांबंच निघालं’ म्हणून ती फडताळात टाकली. सोने होते, ते मोरीतून वाहून गेले.

मुलामा दिलेले तांबे जमिनीत शतकानुशतके पडून राहिले, की ओल मुलाम्याच्या बारीक छिद्रांतून आत शिरते, खालचे तांबे कळकते आणि तो कळंक वर येऊन सोन्यालाच झाकतो. चिंचेचे आम्ल हा कळंक वरून विरघळवते तसेच मुलाम्याखालूनही, त्यामुळे केसाहूनही पातळ असलेला सोन्याचा थर आधार सुटून निघून जातो. ज्या भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचे नाव घरोघरी आहे, त्या जिल्ह्यात हे सांगावे लागावे!

उलट, क्ष-किरण प्रतिदीप्ती तपासणीत वस्तूला ओरखडाही न काढता पृष्ठभागातील मूलद्रव्ये कळतात. सोन्यासोबत पारा आढळला, तर सोने पाऱ्यात मिसळून केलेला लोण्यासारखा लगदा तांब्यावर चोळून, मग तापवून पारा उडवला असावा, असे मानतात. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो, पण थोडा मागे राहतोच. पारा नसेल, तर वर्ख चिकटवल्याची शक्यता तपासावी लागते. मात्र किरण पातळ थर ओलांडून खालच्या तांब्यापर्यंत जातात, म्हणून यंत्रावरचे टक्के हे मिश्रधातूचे प्रमाण समजू नये. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चचे सोन्याचा मुलामा दिलेले चार घोडे ब्राँझचे, म्हणजे तांबे-कथलाच्या मिश्रधातूचे, म्हणून प्रसिद्ध आहेत, पण तपासणीत ते जवळजवळ शुद्ध तांब्याचे ठरले, कारण शिसे-कथील जास्त असलेल्या धातूवर पाऱ्याच्या रीतीने दिलेला सोन्याचा मुलामा डागाळतो.

ज्या पवनीत १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण आणि नागपूर विद्यापीठाने स्तूप उजेडात आणला, तिथल्या लोकांना १८७८ च्या निखात निधी (जमिनीत दडलेले धन) कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, हेसुद्धा क्वचितच ठाऊक असते. माझी विनंती एवढीच, की हातात धरून वापरता येणारे क्ष-किरण यंत्र वर्षातून एकदोनदा तालुक्याच्या ठिकाणी आणावे आणि तपासणीचा अहवाल ग्रामपंचायतीला मराठीत द्यावा. एकदा दिलेल्या वस्तूचे पुढे काय झाले हे गावाला कधीच कळत नाही, म्हणूनच पुढची वस्तू तहसीलपर्यंत पोहोचत नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
ता. पवनी, जि. भंडारा