मते मोजलीत, आता खटाटोप मोजा

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचकांच्या मतांवरून काढलेली ‘सर्वांत आवडत्या विज्ञानकथा’ ही यादी वाचली. चित्रपट, मालिका आणि पुस्तके एकाच यादीत कोंबली आहेत, त्याबद्दल भांडत नाही. पण वरच्या दहांत बहुतेक चित्रपट अलीकडचे, दोन-तीन मालिका, आणि पुस्तके तेवढीच, ज्यांच्यावर नुकताच सिनेमा निघाला आहे. ‘ड्यून’ आहे, पण शेजारी छायाचित्र सिनेमाचे. मला नवल वाटले नाही. मत द्यायला बसलेल्या माणसाला परवा पाहिलेले आधी आठवते.

मी ग्रंथालयातून निवृत्त झाले. नोकरीचा मोठा काळ देवघेवीच्या खिडकीमागे गेला. वाचकाला काय आवडते ते त्याला विचारून कळत नाही, हे त्या खिडकीत बसले की लवकर समजते. विचारले तर लोक भारदस्त नाव सांगतात आणि घरी भलतेच घेऊन जातात. आमच्या खुणा निराळ्या असत. मागे डकवलेली तारखांची चिठ्ठी भरून तिच्यावर दुसरी चिकटवावी लागली, पुस्तक पुन्हा पुन्हा बाइंडिंगला गेले, की समजायचे. सगळ्यांत खात्रीची खूण म्हणजे ‘हरवलेले’ पुस्तक. वाचक येतो, पुस्तक हरवले म्हणतो, निमूट किंमत भरतो आणि चेहऱ्यावर दुःखाचा लवलेश नसतो! नवी प्रत आणली की काही महिन्यांत तीही हरवते. विज्ञानकथांच्या कपाटात हा मान आसिमोव्हच्या ‘फाउंडेशन’ला होता. पहिला भाग जागेवर सापडायचा नाही. दुसरा आणि तिसरा मात्र शिस्तीत उभे असत, यावरून काय ते समजा.

म्हणून माझे म्हणणे असे की चाहत्यांची आवड मतांनी मोजू नये. त्या कलाकृतीसाठी त्यांनी काय खटाटोप केला, ते पाहावे. विज्ञानकथेच्या बाबतीत हे फार सोपे आहे, कारण या प्रकाराच्या चाहत्यांइतके उद्योगी चाहते मला दुसरीकडे दिसलेले नाहीत.

‘स्टार ट्रेक’ तुमच्या यादीत आहे, पण नव्या चित्रपटांमुळे. मूळ मालिका एनबीसी वाहिनीवर १९६६च्या सप्टेंबरात सुरू झाली. प्रेक्षकसंख्या बेताची. दुसऱ्या वर्षी ती बंद होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा बीजो ट्रिंबल आणि त्यांचे पती जॉन यांनी पत्रांची मोहीम उघडली. संगणक नाही, इंटरनेट नाही. पत्ते गोळा करायचे, सूचना छापून पाठवायच्या, प्रत्येकाने आणखी दहा जणांना लिहायला लावायचे. छापील मजकुरावर नुसती सही ठोकून पाठवू नका, आपल्या शब्दांत लिहा, ही त्यातली अक्कलहुशारीची सूचना. वाहिनीकडे पत्रांचा इतका ढीग पडला की १ मार्च १९६८ रोजी मालिकेचा भाग संपल्यावर ‘ही मालिका पुढे चालू राहील’ अशी घोषणा प्रक्षेपणातच करावी लागली. अर्थात वाहिनीने सूडही उगवला म्हणायचे. तिसऱ्या वर्षी तिला शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली. म्हणजे ज्या तरुण मंडळींनी पत्रे लिहिली, ती घराबाहेर असण्याची वेळ. १९६९ साली मालिका संपली. पण तिसऱ्या वर्षामुळे भाग झाले एकूण ७९, आणि रोज एक असे पुनःप्रक्षेपण करायला स्थानिक केंद्रांना तेवढा साठा पुरला. मालिका खरी लोकप्रिय झाली ती बंद पडल्यानंतर, या पुनःप्रक्षेपणांतून. त्यानंतर जे जे ‘स्टार ट्रेक’ निघाले त्या सगळ्याची मुळे त्या टपालात आहेत.

याच मंडळींनी पुढे १९७६ साली पुन्हा पत्रांचा मारा केला. नासाच्या पहिल्या स्पेस शटलचे नाव ‘कॉन्स्टिट्यूशन’ ठरले होते. ते बदलून मालिकेतल्या यानाचे ‘एंटरप्राइझ’ हे नाव घ्यायला लावले. गंमत अशी की ते शटल केवळ वातावरणातल्या चाचण्यांसाठी होते. इतका आटापिटा करून दिलेले नाव अवकाशात कधी गेलेच नाही.

‘डॉक्टर हू’ला तुम्ही खाली कुठेतरी टाकले आहे. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झालेली ही बीबीसीची मालिका. त्या काळी व्हिडिओ टेप महाग, पुनःप्रक्षेपणाचे हक्क मर्यादित, आणि घरोघरी रेकॉर्डर येतील याची कुणाला कल्पना नाही. त्यामुळे बीबीसीने साठच्या आणि सत्तरच्या दशकांत जुने भाग पुसून टेपा पुन्हा वापरल्या. परदेशी केंद्रांना पाठवलेल्या फिल्म-प्रतींमधून पुष्कळ भाग परत मिळाले; २०१३ साली नायजेरियात सापडलेल्या नऊ भागांची बातमी तुम्हीही वाचली असेल. तरीही नव्वदहून अधिक भागांची चित्रे आज नाहीत. आवाज मात्र एकूण एक भागाचा आहे! तो बीबीसीने जपलेला नाही. घरातल्या दूरचित्रवाणी संचासमोर टेपरेकॉर्डरचा माइक धरून किंवा संचाला तार जोडून काही पोरांनी तो भाग चालू असतानाच ध्वनिमुद्रित करून ठेवला होता. पुढे याच ध्वनिफितींवर ॲनिमेशन बेतून हरवलेले काही भाग पुन्हा उभे केले गेले. आता मला सांगा, मोबाइलवर अंगठा टेकवून दिलेले मत आणि घरातल्यांना अर्धा तास गप्प बसवून केलेले ते ध्वनिमुद्रण, यांना एकाच तराजूत कसे घालायचे?

चाहत्यांचा खटाटोप म्हणजे नेहमी आरतीच असते असे नाही. माझा सर्वांत लाडका किस्सा लॅरी निव्हनच्या ‘रिंगवर्ल्ड’चा आहे. १९७०ची कादंबरी. एका ताऱ्याभोवती, साधारण पृथ्वी-सूर्य अंतरावर, अखंड कडे बांधलेले आहे, दहा लाख मैल रुंदीचे. ते फिरते, आणि त्या फिरण्यामुळे आतल्या बाजूवर गुरुत्वाकर्षणासारखा भार जाणवतो. कल्पना अशी की वाचणारा दोन दिवस जमिनीवर येत नाही. १९७१ साली बॉस्टनला विज्ञानकथांचे जागतिक संमेलन भरले, तिथे या कादंबरीला ह्यूगो हा विज्ञानकथांचा मानाचा पुरस्कार मिळाला. आणि त्याच संमेलनात एमआयटीचे विद्यार्थी हॉटेलच्या बोळांतून घोषणा देत हिंडत होते: ‘रिंगवर्ल्ड अस्थिर आहे!’ गणित त्यांचे बरोबर होते. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो तेव्हा किंचित ढळला तरी त्याची कक्षा थोडी बदलते, इतकेच. घट्ट कड्याचे तसे नाही. ते एका बाजूला जरा सरकले की जी कड ताऱ्याच्या जवळ आली, तिच्यावर ओढ वाढते, मग ते आणखी सरकते, आणि शेवटी ताऱ्यावर आदळते. कडे मध्यभागी राखायला काहीतरी यंत्रणा हवी. निव्हनने पुढची कादंबरी लिहिली तेव्हा कड्याच्या काठावर जागा धरून ठेवणारी इंजिने बसवली. पहिल्या आवृत्तीत आणखी एक घोटाळा होता. नायक आपला वाढदिवस लांबवण्यासाठी पृथ्वीवर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी क्षणार्धात उड्या मारतो, पण उलट्या दिशेने, म्हणजे त्याचा दिवस उलट आखूड व्हायला हवा. नंतरच्या छपाईत ते दुरुस्त झाले, आणि ती चुकीची पहिली छपाई संग्राहक आता शोधत फिरतात. पुरस्कार द्यायचा आणि त्याच पुस्तकाची चूकही गाजवायची, ही मला खऱ्या आवडीची कसोटी वाटते. अँडी वेअरच्या ‘द मार्शन’चेही काहीसे असेच. तो ती कादंबरी स्वतःच्या संकेतस्थळावर प्रकरणे-प्रकरणे टाकत होता आणि वाचक त्यातले विज्ञान तपासून देत होते. तुमच्या यादीत सिनेमा आहे. या बिनपगारी तपासनिसांचा उल्लेख नाही.

याउलट, मतदानाचा कौल किती क्षणिक असतो ते पाहायचे तर २५ जून १९८२ हा दिवस घ्या. अमेरिकेत ‘ब्लेड रनर’ आणि ‘द थिंग’ हे दोन्ही चित्रपट त्या एकाच दिवशी लागले. दोन आठवडे आधी स्पीलबर्गचा ‘ई.टी.’ येऊन बसला होता आणि प्रेक्षकांना गोड परग्रहवासी हवा होता. दोन्ही चित्रपट आपटले. त्या उन्हाळ्यात तुम्ही मते मागवली असती तर दोघांचीही नावे आली नसती. मग व्हिडिओ कॅसेटी आल्या, लोक पुन्हा पुन्हा पाहू लागले. ‘ब्लेड रनर’वर स्टुडिओने लादलेले नायकाचे निवेदन आणि गोड शेवट १९९२च्या आवृत्तीत काढून टाकता आले, कारण मधल्या काळात त्याची एक कच्ची प्रत काही ठिकाणी दाखवली गेली आणि लोकांनी तिला गर्दी केली. ज्याच्या कादंबरीवर तो बेतला, तो फिलिप डिक चित्रपट लागण्याच्या तीन-चार महिने आधीच वारला होता. आज दोन्ही चित्रपट तुमच्या यादीत आहेत.

‘फायरफ्लाय’चे थोडक्यात सांगते. २००२ साली फॉक्स वाहिनीने भाग उलटसुलट क्रमाने दाखवले, चौदापैकी अकरा दाखवून मालिका बंद केली, आणि चाहत्यांनी डीव्हीडी इतक्या घेतल्या की २००५ साली ‘सेरेनिटी’ हा चित्रपट काढावा लागला. बंद केलेल्या ‘द एक्सपान्स’ मालिकेसाठी तर २०१८ साली ॲमेझॉनच्या स्टुडिओवरून फलक लावलेले विमान उडवले गेले, आणि ती पुढे चालू राहिली.

आता कुणी म्हणेल, बाई, खटाटोप करणारे सगळेच प्रेमापोटी करतात का? नाही करत. ह्यूगो पुरस्कारांची मते त्या जागतिक संमेलनाचे सभासद देतात, पैसे भरून. २०१५ साली दोन गटांनी आपापल्या नावांच्या तयार याद्या वाटून नामांकने बळकावली, कारण हल्ली कोणत्या लेखकांना पुरस्कार मिळतात यावर त्यांचा राग होता. तोही खटाटोपच. पण बाकीच्या सभासदांनी पाच विभागांत ‘पुरस्कार कुणालाच नको’ या पर्यायाला जिंकवले. कादंबरीच्या विभागात एका लेखकाने त्या यादीतून आलेले नामांकन नाकारले, त्या रिकाम्या जागी लिऊ त्सिशिन यांची ‘द थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ आली आणि तीच जिंकली. अनुवादित कादंबरीला तो पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हा खटाटोपातही प्रत बघावी लागते, हे मान्य.

नाव पाहून मत देण्याचाही एक रोग आहे. आपल्या नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरे उलटी करून. कथेला बक्षीस मिळाले, नावाला नाही. तुमच्या यादीत नावे झाकून कथासूत्रे छापली असती तर क्रम किती पालटला असता, हे पाहायला मला आवडेल. आणि नावांचाच विषय निघाला आहे म्हणून: पुस्तकांत एकही लेखिका नाही. मेरी शेलीने ‘फ्रँकेनस्टाइन’ लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती, १८१८ साली ती छापून आली आणि इथूनच या प्रकाराची सुरुवात धरणारे पुष्कळ आहेत. उर्सुला ले ग्विन नाही, लागोपाठ तीन वर्षे ह्यूगो मिळवणारी एन. के. जेमिसिन नाही. हा दोष तुमचा नाही, मतदारांचा आहे. पण तळटीप द्यायला काय हरकत होती?

माझी स्वतःची आवड विचाराल तर स्तानिस्लाव लेमची ‘सोलारिस’, १९६१ची. एका ग्रहावरचा महासागर सजीव आहे, त्याच्याशी बोलावे कसे हे माणसांना शेवटपर्यंत कळत नाही, आणि लेम ते कळू देतही नाही. तारकोव्हस्कीने १९७२ साली त्यावर केलेला चित्रपट लोक डोक्यावर घेतात, पण लेमला तो रुचला नव्हता आणि माझी बाजू लेमची आहे. त्याला ग्रह हवा होता, तारकोव्हस्कीला नायकाचे घर आणि बाप. आमच्याकडे या पुस्तकाची इंग्रजी प्रत होती, तीही मूळ पोलिशवरून नव्हे तर फ्रेंच अनुवादावरून केलेली. दोन भाषांतून गाळून आलेले पुस्तक, तरी तिच्या समासात पेन्सिलीने इतके वाद घातलेले होते की नियमाप्रमाणे मी दंड करायला हवा होता. पेन्सिलीची अक्षरे दोन-तीन निराळ्या हातांची होती आणि ती एकमेकांना उत्तरे देत होती. मी रबर काही लावला नाही.

पुढच्या वेळी अशी यादी कराल तेव्हा ‘तुमची आवडती विज्ञानकथा कोणती’ हा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी विचारा: कोणती पुन्हा वाचलीत किंवा पाहिलीत? कोणती दुसऱ्याच्या गळी उतरवलीत? कोणत्या कथेतली चूक शोधण्यात रात्र घालवलीत? उत्तरे कमी येतील आणि मोजायला त्रास होईल. पण ती यादी मी कापून ठेवीन.

पत्र लांबले आहे. जागेअभावी कापायचेच झाले तर ‘फायरफ्लाय’चा परिच्छेद कापा, त्याच्या चाहत्यांची पत्रे तुम्हाला येतीलच. ‘रिंगवर्ल्ड’च्या गणिताला मात्र कात्री लावू नये, ही विनंती.

– एक निवृत्त ग्रंथपाल