रॅचेट पाना माझ्याच हातात ठेवणाऱ्या काकांना

काका,

हे सगळं समोर बसून बोलता आलं असतं, पण दुसऱ्या वाक्यालाच तुम्ही "बरं बरं, पुरे आता" म्हणून विषय बदलला असता हे मला पक्कं माहितीये, म्हणून चारचौघांत लिहितोय. इंजिन बदलून गाडी सुरू झाली त्याला आठ दिवस झाले. अजूनही रात्री घरी आल्यावर किल्ली फिरवून बंद करायच्या आधी मी मिनिटभर नुसता इंजिनाचा आवाज ऐकत बसतो.

तुम्ही यायच्या आधीचा महिना कसा गेला ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही. जुन्या इंजिनाचा तिसरा सिलिंडर गेलेला, बाकी तिघांचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, १५० पीएसआयच्या वर आणि त्याचं जेमतेम ६०. म्हणून दुसरं इंजिन आणलं, विकणारा म्हणाला चालू गाडीतून काढलंय, डोळे झाकून टाका. मी नाही झाकले, पण माझ्या डोळ्यांना कळत काय होतं! ज्या मेकॅनिकला बेल्ट आणि सील बदलायला बोलावलं तो अर्ध्या दिवसात "रेडी आहे, गाडीत बसवून टाका" म्हणून पैसे घेऊन गेला आणि नंतर फोन उचलेना. दुसरा एकजण नुसता बघून म्हणाला, घरी इंजिन बदलायचं खूळ सोडा, गाडी भंगारात द्या. त्या दिवशी मी इंजिनावर प्लॅस्टिक टाकलं आणि तीन आठवडे तिकडे फिरकलो नाही. स्टँडवर तसंच लटकत होतं ते.

आणि मग तुम्ही आलात. आल्या आल्या घड्याळ काढलंत, अंगठी काढून खिशात टाकलीत, आणि हे कुणी केलं, कितीला केलं, असलं एक अक्षर विचारलं नाहीत. टॉर्च घेऊन शांतपणे सगळीकडे बघत होतात. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरच्या कडेला सांधा बंद करायचं सिलिकॉन बाहेर आलेलं दिसल्यावर फक्त "हं" म्हणालात. बाहेर एवढं आलंय म्हणजे आतही तेवढंच गेलं असणार, तेच तुकडे सुटून ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि इंजिन तेलावाचून मरतं, हे तुम्ही मला चेंबर खोलून बोटाने तुकडा काढून दाखवलंत. लाल, रबरासारखा, नखाएवढा. तो मी जपून ठेवलाय.

पण मला खरं लिहायचंय ते पुढच्या पाच मिनिटांबद्दल.

चारही स्पार्क प्लग काढलेले होते. क्रँक म्हणजे पिस्टन हलवणारा मुख्य दांडा, त्याच्या पुलीच्या बोल्टला सॉकेट लावलात आणि रॅचेट माझ्याकडे दिलंत, "तुझं इंजिन आहे, तू फिरव." मी फिरवायला लागलो, अर्ध्या फेरीच्या आसपास अडलं. इतके दिवस पडून होतं म्हणून जड झालं असेल असं वाटून मी जोर लावणार, तेवढ्यात तुम्ही माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवलीत. हात ओढला नाहीत, रॅचेट हिसकावलं नाहीत, नुसती दोन बोटं. "जोर नको. प्लग बाहेर आहेत ना, मग कॉम्प्रेशन अडवत नाहीये. हे लोखंडाला लोखंड लागतंय."

कॅमचा, म्हणजे बेल्टने क्रँकबरोबर फिरून व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, मार्क तीन दात मागे होता. बेल्ट चुकीचा चढवून गेलेला तो माणूस, आणि ते इंजिन असं की टायमिंग चुकलं तर व्हॉल्व्ह सरळ पिस्टनवर येतात. तसंच गाडीत बसवून स्टार्टर मारला असता तर पहिल्याच झटक्यात व्हॉल्व्ह वाकले असते.

दुसरा कुणीही असता तर इथे मला बाजूला सरकवून स्वतः केलं असतं, आणि मी नावही ठेवलं नसतं. तुम्ही नाही केलंत. बेल्ट सोडवलात, क्रँक पाव फेरी मागे घ्यायला लावलीत म्हणजे चारही पिस्टन मध्यावर येतात आणि कॅम बिनधास्त फिरवता येतो, मग मार्क जुळवायला लावलेत, आणि परत रॅचेट माझ्या हातात. क्रँकच्या पूर्ण दोन फेऱ्या, तेव्हा कॅमची एक. ती बोटं तेवढा वेळ माझ्या मनगटावरच होती काका. दुसरी फेरी संपली, दोन्ही मार्क जागेवर, कुठे अडलं नाही. तुम्ही बोटं उचललीत. मला तिथेच रडू आलं होतं, मी फडकं शोधायचं निमित्त करून आत गेलो, तुम्हाला कळलं असणारच.

येणारे बरेच येतात, आपल्याला किती येतं ते दाखवून जातात. समोरचा घाबरलाय हे ओळखून त्याचा हात न सोडणारी माणसं फार थोडी असतात, आणि ती असली की बाकीच्यांचा राग सुद्धा फार दिवस टिकत नाही. माझा त्या मेकॅनिकवरचा राग थोडा अजून आहे, खोटं कशाला सांगू.

बाकीचं काम तुम्हाला माहितीच आहे. मागचं ऑइल सील त्या मेकॅनिकने कोरडंच बसवलं होतं, ते नवीन घालताना तेलाचं बोट सीलच्या ओठावरून फिरवलंत. जुन्या इंजिनातच राहून गेलेले गिअरबॉक्सचे दोन डॉवेल, म्हणजे तो नेमका जागेवर बसवणाऱ्या पिना, तुम्ही आठवण केली म्हणून काढले. आणि शेवटी प्लग न लावता, पेट्रोल बंद ठेवून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत, म्हणजे तेलाचा दाब येईपर्यंत, नुसता स्टार्टर मारायला लावलात. तो दिवा विझला तेव्हा तुम्ही खिशातून अंगठी काढून बोटात घातलीत, मी बघत होतो.

तुमचं रॅचेट माझ्याकडेच राहिलंय. रविवारी आणून देतो, गाडी घेऊनच येतो. बॉनेट उघडून एकदा आवाज ऐका.