तळघरातल्या पाण्याविषयी

नेपरविल, इलिनॉय
१२ एप्रिल

तीर्थस्वरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर पाण्याचा विषय निघताच बाबा गप्प झाले, म्हणून सविस्तर लिहितो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी आपल्या चिपळूणच्या घरात शिरले, तसे इथे काही झालेले नाही. तळघराच्या एका कोपऱ्यात चार बोटे पाणी होते, ते त्याच रात्री उपसले. वरचे घर कोरडे आहे.

पाणी येते तर जमिनीखाली खोली बांधतातच कशाला, हा आईचा प्रश्न रास्त आहे. इथे थंडीत जमीन साडेतीन फुटांपर्यंत गोठते आणि गोठताना फुगते, म्हणून पाया त्याहून खोल न्यावा लागतो. एवढे खणलेच आहे तर आणखी खणून लोक अख्खी खोलीच करून घेतात. पायाभोवती भोके असलेला पाइप पुरलेला असतो. चिकणमातीत साचलेले पाणी त्यातून तळघरातल्या एका खड्ड्यात जमते, आणि खड्डा भरत आला की पाण्यावरचा तरंगता गोळा वर येऊन पंप आपोआप सुरू होतो.

जुना पंप घेऊन मी फसलो, असे बाबांना वाटते. पण पंप उत्तम आहे. पाऊस थांबून तीन तास झाले तरी तो दर चार मिनिटांनी सुरू होत होता, म्हणून टॉर्च घेऊन बाहेर गेलो. पंपाचे पाणी बाहेर टाकणाऱ्या पाइपचे तोंड भिंतीपासून जेमतेम वीतभर अंतरावर होते आणि त्याखालची माती खचून घराकडेच उतरली होती. विहिरीवरचा पाट फुटून पाणी पुन्हा विहिरीत पडावे, तसे पंपाने टाकलेले पाणी भिंतीलगत मुरून परत खड्ड्यात येत होते; वरून जोराचा पाऊस आला तेव्हा पंपाला ते आवरले नाही.

सांडपाण्याच्या वाहिनीत ते सोडायला मनाई आहे आणि शेजाऱ्याच्या अंगणात सोडणे मला पटत नाही. म्हणून खणण्याआधी जमिनीखालच्या नळ्या-तारांवर खुणा करून घेण्यासाठी ८११ या फोन क्रमांकावर कळवून, गॅसच्या नळीवर पिवळ्या झेंड्या लागल्यावरच चर खणला आणि चार इंची पाइप, फुटाला पाव इंच उतार देऊन, पंधरा फूट पुढे हिरवळीच्या उतारावर नेला. हिवाळ्यात पुढचे तोंड गोठले तरी पाणी तुंबू नये, म्हणून भिंतीजवळच्या जोडाला फट ठेवली आहे. पुढच्या पावसात जिन्याच्या पायरीवर घड्याळ घेऊन बसलो, तर एकदा थांबलेला पंप पंचवीस मिनिटे सुरू झाला नाही. त्या रात्री मी शांत झोपलो.

वीज गेली तर अडू नये म्हणून बॅटरीवरचा दुसरा पंपही घेतला. साखरपुड्याला येण्यासाठी ठेवलेले तिकिटाचे पैसे त्यात गेले. छोटीला मीच फोन करून सांगेन, तिची समजूत तुम्ही काढू नका. लग्नाला आठ दिवस आधी येतो. हॉलचे पैसे पंधरा तारखेपर्यंत पोहोचतील, बाबांनी पतपेढीतली ठेव मोडू नये. पुरानंतरचा चिखल तुम्ही दोघांनीच काढलात आणि मी इथे होतो, हे मी विसरलेलो नाही. मृग लागण्याआधी कपाटातली कागदपत्रे आणि तिच्या लग्नाच्या साड्या माळ्यावर नेऊन ठेवा. बाबांनी शिडीवर चढू नये, शेजारच्या मुलाला बोलवावे.

आपला,
दादा