लीड्सहून बडोद्याला: फुलीचा खुलासा

लीड्स,
रविवार रात्र

ती. बाबा, सौ. आई आणि ती. आजीस,
साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. खोलीतला हीटर चालू आहे, पायात लोकरीचे मोजे आहेत, खोकला पूर्ण गेला. बाबा पत्र इथूनच वाचायला घेणार, म्हणून हे आधी लिहिलं. जेवणखाण, कॉलेज वगैरे रोजचं फोनवर कळतंच, ते परत लिहीत नाही. पत्र लिहायला बसले ते या पाकिटातल्या, मी केलेल्या मासिकाच्या दोन अंकांमुळे. आजीला फोनच्या पडद्यावर नीट दिसत नाही, आणि अंकाबद्दल मला जे सांगायचंय ते ‘आवाज येतोय का, आता येतोय का’ यातच राहून जातं.

आधी फुलीचं सांगते, म्हणजे आईचा जीव भांड्यात पडेल. मागे मी फोनचा जो फोटो पाठवला त्यात छपाईची वेळ कळवणाऱ्या मुलाच्या मेसेजखाली एक फुली होती. नाशिकच्या आत्याने तिचा अर्थ पापा असा सांगितला, आणि तो अर्थ खराच आहे. पण आई, इथे ती फुली सगळे सगळ्यांना काढतात. आमची घरमालकीण साठीच्या पुढची आहे. ‘कचऱ्याचा हिरवा डबा उद्या बाहेर ठेव’ असं लिहून खाली एक फुली काढते. वर्गातल्या मुली एकमेकींना दोन काढतात, वाढदिवसाला तीन. आम्हाला शिकवणाऱ्या बाई मात्र कधीच काढत नाहीत, बँकवाले नाहीत, डॉक्टर नाहीत. मुलगे मुलग्यांना काढत नाहीत, पण आईला काढतात. आणि एरवी फुली काढणाऱ्या माणसाने एके दिवशी काढली नाही, तर समजायचं की त्याला राग आलाय. माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी एकदा अख्खी संध्याकाळ बेचैन होती, कारण बहिणीच्या मेसेजखाली फुली नव्हती. मला हे कळायला दोन महिने गेले. आपण ‘काळजी घे’ म्हणतो ना, फोन ठेवताना, तेवढाच तिचा अर्थ. त्या मुलाचा आणि माझा संबंध छपाईच्या यंत्रापुरता. आत्यालाही हे वाचून दाखवा.

फुलीचं एवढं लिहिलं त्याला दुसरंही कारण आहे. अंकाच्या मुखपृष्ठावर फुलीच आहे, आणि ती आजीची आहे.

आम्हाला काम असं होतं: विद्यार्थ्यांसाठी एक संगीताचं मासिक करायचं, नावापासून छपाईपर्यंत सगळं एकट्याने, आणि सोबत टिपण द्यायचं की कोणता निर्णय का घेतला. पहिल्या आठवड्यात मी केलेलं मुखपृष्ठ तुम्ही पाहिलंत तर मला ओळखणार नाही. केशरी रंग, कोयऱ्या, मोर, मधोमध सतार. घरात सतार कोणी वाजवत नाही, तरी सतार. बाईंनी कौतुक केलं, वर्गाने केलं. मी खोलीवर आले आणि मला फार वाईट वाटलं. हे मी ह्यांना आवडावं म्हणून केलं होतं; डांडिया बाजारातल्या आपल्या घरातलं त्यात काहीच नव्हतं. त्याच रात्री आईला म्हटलं, आजीची गाण्याची वही काढ आणि पानांचे फोटो पाठव. आई, तू विचारलंस ‘आता ह्या वेळी?’ आणि मी कारण सांगितलं नाही.

त्या वहीतलं यमनचं पान मी कितीतरी वेळ मोठं करून पाहिलं. निळी शाई, जरा फुटलेली. सुरांखाली मंद्राचे टिंब, वर तारसप्तकाचे, तीव्र मध्यमावरची ती उभी रेघ, आणि सोळा मात्रांच्या खाली समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, फुली, मग 2, मग शून्य, मग 3. आजीची फुली सरळ नाही. एक रेघ लांब, दुसरी घाईत ओढलेली, बहुतेक शिकवणाऱ्या गुरुजींचा हात पुढच्या आवर्तनात गेला असेल. मग मी मुखपृष्ठावरचं सगळं काढून टाकलं आणि ती एकच फुली पानभर मोठी करून ठेवली, तिच्याच निळ्या रंगात. नाव ‘सम’, देवनागरीत, खाली बारीक इंग्रजी अक्षरं. नाव वर डाव्या कोपऱ्यात आहे, कारण इथल्या दुकानांत मासिकं फळीवर एकावर एक सरकवून ठेवतात आणि प्रत्येकाची डावी कडच तेवढी दिसते. आत अक्षरासाठी ‘मुक्ता’ वापरला, मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा, फुकट मिळतो आणि इंग्रजीच्या शेजारी शिरोरेघ टोचत नाही.

वर्गात कोणी म्हणालं ही पाप्याची फुली, कोणी म्हणालं चूक उत्तराची. मला दोन्ही चाललं. ‘नाही, ही सम आहे’ असं सांगायची वेळ प्रत्येकासमोर आली, आणि मग मला टेबलावर टाळी देऊन दाखवता आलं.

आता आजीसाठी. टाचणीच्या अंकाची पानं चाराच्या पटीत असतात, कारण एक कागद दुमडला की चार पानं होतात. मी चार कागद घेतले, सोळा पानं. चार चारचे चार विभाग. पहिल्या पानावर सम, पाचव्याच्या कोपऱ्यात 2, तेराव्याच्या कोपऱ्यात 3. आणि सोळा पानांच्या अंकात मधोमध आठवं आणि नववं पान समोरासमोर येतं, म्हणजे ‘खाली’, तालातली टाळी न देण्याची नववी मात्रा, बरोबर टाचणीशेजारी उजवीकडे पडते. आठव्यावर तुझं यमनचं पान ठेवलं. नववं कोरं सोडलं, तळाशी फक्त बारीक शून्य. तू मला मांडीवर हात धरून टाळी-खाली शिकवायचीस तेव्हा नवव्या मात्रेला माझा तळवा उलटा करायचीस, ते मनात होतं. बाईंनी विचारलं, हे पान छापायचं राहिलं का? मी म्हटलं, नाही, इथे टाळी द्यायची नसते. त्यांनी ते लिहून घेतलं.

आतला मोठा लेख आपल्या सुरसागर तळ्यासमोरच्या गायनशाळेवर आहे. 1886 साली सयाजीराव महाराजांनी दरबारी गायक मौलाबक्षांकडून ती सुरू करवली, मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी केली, मग भातखंड्यांच्या पुढाकाराने 1916 ची अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यात भरली, हे तुम्हाला पाठ आहे. इथे कोणालाच ठाऊक नव्हतं. मौलाबक्षांच्या मुलीचा मुलगा इनायत खान, जन्म बडोद्याचा, 1910 साली वीणा घेऊन पाश्चात्त्य देशांत गेला. इनायत खानांची मुलगी नूर दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी पॅरिसमध्ये गुप्तपणे वायरलेस चालवत होती, पकडली गेली, 1944 मध्ये डाखाऊच्या नाझी छावणीत तिला मारलं. लंडनच्या गॉर्डन स्क्वेअर बागेत तिचा अर्धपुतळा आहे. मी बसने जाऊन फोटो काढून आले. पाऊस होता, हातात छत्री धरून काढला, म्हणून जरा तिरका आहे. वर्गातले सगळे म्हणत होते की हेरगिरीची गोष्ट मुखपृष्ठावर घे, अंक उचलला जाईल. मी युद्धाला चार ओळी दिल्या. नूर वीणाही वाजवायची, ती आपल्या गायनशाळेच्या घराण्यातली पणती, आणि हे मासिक गाण्याचं आहे. उचलला गेला नसता तरी चाललं असतं.

बाबा, तुम्ही विचारलंत की आता छापील मासिक वाचतं कोण, आणि ह्यावर पोट भरणार का. प्रश्न बरोबर आहे, मी टाळत नाही. एनएमई हे इथलं नावाजलेलं संगीत साप्ताहिक 1952 पासून निघायचं. 2015 मध्ये ते फुकट वाटायला लागले आणि 2018 मध्ये छापील साप्ताहिक थांबलं. पण शास्त्रीय संगीताचं ‘ग्रामोफोन’ 1923 पासून अजून निघतंय. आणि मी जे शिकतेय ते फक्त मासिकापुरतं नाही. पुस्तकं, संग्रहालयांतल्या पाट्या, औषधांच्या डब्यांवरचा मजकूर, सगळीकडे हेच काम असतं. देवनागरी आणि इंग्रजी शेजारी शेजारी नीट बसवू शकणारी माणसं इथे फार थोडी आहेत. हे मी स्वतःच्या समाधानासाठी म्हणत नाहीये, बाईंनी सांगितलंय.

आता जे सांगायचं टाळत होते ते.

छपाईच्या आदल्या रात्री मी सगळ्या मजकुराला एकच स्टाइल लावली. त्या स्टाइलमध्ये देवनागरी जुळवणारी सोय बंद होती आणि मी ते पाहिलं नाही. चाळीस प्रती छापून, टाचून हातात आल्या. आठवं पान उघडलं, तर आजीच्या पानाखाली ‘विलंबित’च्या जागी ‘वलिंबति’. पहिली वेलांटी दोन्हीकडे पुढच्या अक्षरावर जाऊन बसलेली. ‘त्रिताल’मधला त पाय मोडून वेगळा, र वेगळा. अख्ख्या कॉलेजात ते वाचू शकणारी मी एकटी. मैत्रीण म्हणाली, तुझ्याशिवाय कोणाला कळणार आहे? खरंच कोणाला कळलं नसतं, मार्कही गेले नसते. पण त्याच्या वरच आजीचं अक्षर होतं, एकही काना-मात्रा न चुकलेलं.

मधला कागद तेवढा परत छापून घेतला. मग खोलीत जमिनीवर चादर घालून बसले. बोथट सुरीने पिनेचे दोन्ही पाय वर उचलायचे, चुकीचा कागद अलगद काढायचा, नवा कागद मध्यावर दुमडून सुईने भोकं पाडायची, ती पिनेत ओवायची आणि चमच्याच्या पाठीने पाय परत मिटायचे. चाळीस वेळा. पहाटे साडेचारला संपलं. बोटाला दोन ठिकाणी टोचलं, आता बरं आहे, धनुर्वाताचं इंजेक्शन इथे येण्याआधीच झालंय, आई.

त्याचे पैसे, बाबा, तुम्ही कोटासाठी पाठवलेल्या 70 पौंडांतून गेले. पहिल्या छपाईला 38, मधल्या कागदाला 18. मी फोनवर ‘कोट घेतला’ म्हटलं ते खोटं नाही, पण तो 14 पौंडांचा आहे, जुन्या कपड्यांच्या दुकानातला. लोकरीचा आहे, ऊब चांगली आहे, फक्त एक गुंडी वेगळ्या रंगाची आहे. फोटोत तुम्हाला नवा वाटला आणि आई म्हणाली ‘शोभतो हो’, तेव्हा मी काही बोलले नाही. तेव्हापासून तो घालताना रोज आठवतं. आणखी पैसे पाठवू नका. मार्चपासून ग्रंथालयात आठवड्याला आठ तासांचं काम मिळालंय, परवानगीतलं आहे. त्यातून आधी आईच्या पाटल्या सोडवायच्या, मग माझं बाकीचं. कर्जाच्या हप्त्याची तारीख जवळ आली की बाबा फोनवर हवापाण्याचं बोलत बसतात, हे मला कळतं. कृपा करून सरळ सांगत जा.

दादाच्या लग्नाला मे महिन्यात मी येऊ शकत नाही. तेव्हाच शेवटचा प्रकल्प द्यायचाय, आणि तिकिटाच्या पैशात इथले दोन महिने निघतात. दादाला मी स्वतः सांगितलं, तो ‘ठीक आहे गं’ म्हणाला आणि लगेच विषय बदलला. पत्रिका मी करते, हे मात्र माझ्याकडे ठेवा. डांडिया बाजारात छापायला देऊ नका, मी फाइल पाठवीन, वेलांट्या तपासून. देवक बसवायच्या दिवशी फोन नुसता तिथे ठेवून द्या. मी बोलणार नाही, ऐकत बसेन.

आत्याने आणलेल्या स्थळाबद्दल: मुलगा चांगला आहे, फोटोही पाहिला. नाही म्हणत नाही, पण माझी पत्रिका इतक्यात देऊ नका. शिक्षण संपल्यावर इथे काम करायचा व्हिसा मिळतो, त्यासाठी अर्ज करायचा विचार आहे. हे फोनवर सांगायचा धीर झाला नाही. आई, तू रडू नकोस. कर्ज तरी इथल्या पगारातून लवकर फिटेल.

आणि आजी, शेवटचं तुला. मजकूर दोनदा छापला, दोनदा तपासला, तरी तुझ्या पानाखाली तुझं नाव घालायचं राहिलं. ‘घरातील वही’ एवढंच आहे. चाळीस प्रती जोडून झाल्यावर लक्षात आलं. तिसऱ्यांदा छापायला पैसे नव्हते, आणि एकोणतीस प्रती तेव्हाच वाटून झाल्या. माझ्याकडे अकरा उरल्यात, दोन या पाकिटात आहेत. त्यांत मी हाताने नाव लिहिणार होते, निळ्या पेनाने, पण पेन टेकवलं आणि थांबले. वहीच्या पहिल्या पानावर तुझं माहेरचं नाव आहे. त्याच नावाने तू ते पान लिहिलंस, आणि आम्ही कोणी तुला त्या नावाने कधी ओळखलंच नाही. कोणतं नाव लिहू? तुझ्या प्रतीवर तूच लिही आणि फोटो पाठवायला सांग, मी बघून बाकीच्यांवर लिहीन. घाई नाही.

सगळ्यांना नमस्कार, शेजारच्या बेनना ढेबऱ्यांसाठी खास.

तुमची,
चिऊ

ता. क. मधलं पान उघडताना पिना सांभाळा. हाताने मिटल्यात, काहींची टोकं वर राहिली असतील. आजीच्या हातात द्यायच्या आधी बाबांनी एकदा बोट फिरवून बघावं.