प्रेसवाल्या काकांना, वरच्या खोलीतल्या आम्हा सगळ्यांकडून

काका, सप्रेम नमस्कार,

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच कुणाला तरी हाक मारून चहा सांगता आणि विषय तिथेच संपतो, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय, आता ऐकून घ्या. नाव टाकत नाहीये, तुम्हाला आवडणार नाही माहितीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पुण्यात वेबसाइटचं काम करणारे पैशाला पासरी, पण बरेचसे हिंजवडी नाहीतर खराडीच्या कंपन्यांत, आणि उरलेले माझ्यासारखे घरी एकेकटे लॅपटॉप घेऊन बसलेले. कोड अडला तर नेटवर उत्तर सापडतं हो, पण कोटेशन किती द्यायचं, अ‍ॅडव्हान्स किती मागायचा, क्लायंट 'अजून एक छोटासा बदल' म्हणत दोन महिने काढतो तेव्हा काय करायचं, हे कुणाला विचारणार? म्हणून आम्ही चार-पाच जणांनी ठरवलं की डिझाइनवाले आणि डेव्हलपर, दोघांनी मिळून महिन्यातून एकदा भेटायचं. ठरवायला काय जातंय, जागाच मिळेना. कॅफेत बसलं की थोड्या थोड्या वेळाने काहीतरी मागवा, आणि त्या गाण्यांच्या आवाजात कोड काय डोंबल दाखवणार. कोवर्किंगवाल्यांचं, म्हणजे सामायिक ऑफिस भाड्याने देणाऱ्यांचं, भाडं ऐकून तर रिसेप्शनवरूनच परत फिरलो. एका क्लासवाल्यांनी हॉल फुकट देऊ केला पण अट अशी की येणाऱ्या प्रत्येकाचा मोबाइल नंबर त्यांना द्यायचा.

मी तेव्हा व्हिजिटिंग कार्डं छापायला तुमच्या छापखान्यात आले होते, बोलता बोलता हे निघालं, आणि तुम्ही चष्मा वर न करताच म्हणालात, "नंबर देऊ नका. पोरं एकदा येतील, मग दिवसभर फोन वाजला की शिव्या तुम्हालाच घालतील. वरची खोली बघून घ्या."

खोली म्हणजे काय, लग्नपत्रिकांच्या नमुन्यांचे गठ्ठे, कटिंग मशीनखाली निघालेल्या पट्ट्यांची पोती, आणि एक पंखा जो फक्त पाचवर चालतो. पडदा नव्हता तर तुम्ही एक रद्द झालेला फ्लेक्स उलटा टांगलात, त्याच्या पाठीवर आमचे स्लाइड. प्रोजेक्टरचा उजेड कमी पडला की मागून कुणाच्या तरी वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा पुसट दिसायच्या. भाडं घेतलं नाहीत, पण एक गोष्ट ठणकावून सांगितलीत, तारीख हलवायची नाही, दुसरा शनिवार म्हणजे दुसरा शनिवार, मग पाऊस पडो नाहीतर दोघंच येवोत. खरं सांगते, मला तेव्हा हे जरा जास्तच वाटलं होतं. पण असे ग्रूप बंद पडतात ते भांडणाने नाही, 'या महिन्यात राहू दे, पुढच्या महिन्यात बघू' याने बंद पडतात, हे आता पटलंय. आता पिंपरीकडचे लोक न विचारता मेट्रोने मंडईला उतरून चालत येतात. गाडी घेऊन येणारे मात्र अजून सम-विषम तारखेचं पार्किंग चुकवतात आणि टोइंगवाला आला की निम्मी खोली जिन्यावर!

पण मला आभार मानायचेत ते खोलीसाठी कमी आणि तुम्ही स्वतः वर येऊन बसलात त्यासाठी जास्त. आमच्यातला एक मुलगा एका वाचनालयाची साइट करत होता. त्यांचा सगळा जुना मजकूर डीटीपीच्या, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर जुळणी करायच्या, फॉन्टमधला, वेबवर टाकला की नुसती खिचडी, म्हणून त्याने तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटर-मोबाइलवर सारखं वाचता येणाऱ्या लिपीत, बदलायचा प्रोग्राम लिहिला होता. ऱ्हस्व वेलांटी जमली होती, जुन्या फॉन्टमध्ये ती अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर, तेवढी अदलाबदल त्याने केली होती. पण 'कार्यालय' आलं की 'कायर्' आणि पुढे एकटाच लोंबकळणारा काना. सगळे इंजिनिअर पडद्याकडे बघत बसलेले. तुम्ही मागून उठलात, प्रुफाच्या पाठकोऱ्या कागदावर लाल पेनने अक्षरं एकेक सुटी लिहिलीत, य, मग काना, मग त्याच्या डोक्यावर रफार, आणि म्हणालात, "तू रफार एकच घर मागे नेतोयस, तो काना ओलांडून य च्याही आधी जायला पाहिजे." बास. त्याने तिथेच बसून दुरुस्त केलं आणि चालू झालं. तुम्हाला प्रोग्रामिंगचं ओ की ठो येत नाही, पण इतकी वर्षं पेजमेकरवर (छपाईची पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर) घालवल्यावर रफार कुठे बसतो हे तुमच्याइतकं त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतर तुम्ही सुटलातच. साइटच्या तयार इंग्रजी साच्यात, टेम्प्लेटमध्ये, शीर्षकाची अक्षरं लांब लांब टाकायची फॅशन असते, तीच सेटिंग मराठीला लावली की शिरोरेषा तुटते, हे बघून तुम्ही म्हणालात, "शीर्षकाचे दात पडलेत." ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो, तेही तुम्हीच दाखवलंत. आणि तो ल! "हा हिंदीचा ल आहे, मराठीचा नाही," म्हणून तुम्ही मराठी अक्षरांची वळणं ठरवणाऱ्या २००९ च्या सरकारी जीआरपर्यंत पोचलात, तेव्हा कुठे आमच्यातल्या एकीने शोधून काढलं की पानाच्या कोडमध्ये भाषा 'एमआर' (मराठीची खूण) अशी नोंदवली तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तो आपोआप मराठी वळणाचा ल आणि श दाखवतो. एक शब्द लिहायचा असतो फक्त, आणि कित्येक मराठी साइटवर तो नसतो. आता आमच्यातलं कुणीही साइट दाखवायला आणतं ते आधी हे तपासून.

बाकीचं पटकन सांगते. दोघांना इथल्या ओळखीतून काम मिळालं. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, क्लायंटच्याच नावावर घ्यायचं, आपल्या नावावर ठेवून त्याला अडकवायचं नाही, हे सगळ्यांनी मान्य केलं, अर्थात वाद घालून, पुणं आहे शेवटी. लिहून ठेवलंय आणि खाली सह्या पण आहेत, तो कागद अर्थातच तुम्ही फुकट छापलात. खुर्च्यांचं भाडं मात्र या वेळी आम्ही भरलंय, पावती तुमच्या गल्ल्याशेजारी ठेवलीय, परत द्यायला येऊ नका.

आता एकच तक्रार. वर एवढे वेबसाइटवाले बसतात आणि खालच्या प्रेसची साइट नाही. विचारलं की तुमचं ठरलेलं, "माझं गिऱ्हाईक जिन्यापाशी येतं, त्याला साइट कशाला." चालणार नाही काका. आम्ही करायला घेतलीय, डोमेन तुमच्या नावावर, भाषा 'एमआर', शीर्षकाचे दात शाबूत. फक्त मजकूर आणि दोन-चार फोटो पुढच्या दुसऱ्या शनिवारच्या आत द्या, सगळे क्लायंट नेमके तिथेच रखडवतात.

तुमचीच,
व्हिजिटिंग कार्डंवाली (ती अजून संपली नाहीयेत)